मेंढरांच्या खुणेची शाई

बटण दाबलंस का बाई? मग ऐक. आन मधीमधी "हं हं" करू नको, मला राग येतो. मुंजाबा, माझा नवरा, जिता व्हता तोवर असंच "हं हं" करायचा आन ऐकायचा काय बी नाय.

तू इद्यापीठातून आलीस, नामांतराच्या टायमाला चोरून छापलेल्या कागदांचं इचारायला. मला बानाबाईला कुणी इचारंल असं वाटलं नव्हतं. मला आजबी सही येत नाय. पण सांगते, कारण गोजरबाईचं कुणीच सांगत नाय. भाषणं ठोकली त्यांची नावं बोर्डावर लागली, आन जिनं कागद छापले तिचं नाव कुठंच नाय. ह्याचा मला लई राग हाय.

अठ्ठ्याहत्तर साल. श्रावण लागला व्हता. चितेगावात तवा नव्या नव्या कंपन्या येत व्हत्या. आमची मेंढरं जिथं चरायची तिथं तारेचं कुंपण पडलं, आत भोंगा आला, आन ज्या रानात माझा सासरा मेंढरं बसवायचा त्याच रानाच्या फाटकावर मुंजाबा खाकी घालून वॉचमन म्हणून उभा राह्यला. "आपल्याच रानाची राखण करतुया," म्हणायचा आन हसायचा. मला नाय यायचं हसू. चाळीस मेंढरं उरली व्हती. ती मी राखायची, लोकर कातरायची, घोंगड्या इणायच्या.

आमच्या लोकरीच्या खोलीला लागून एक खोली व्हती. ती गोजरबाईनं भाड्यानं मागितली. तिशीची बाई, कंपनीत पॅकिंगला, एकटीच. गाव कन्नडकडचं. गावाचं नाव इचारू नको, तिथं अजून माणसं नांदत्यात. सातवी शिकलेली, बौद्ध. मी खोली दिली, पण म्हणलं, पाण्याचा माठ येगळा ठेव. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तवा मला त्यात काय वावगं वाटलंच नाय. तिनं माझ्याकडं बघितलं, "बरं आक्का," म्हणली, आन दुसऱ्या दिशी सोताचा माठ घेऊन आली. माझ्या माठापेक्षा मोठा.

एक दिवस भर दुपारी लोकर ठेवायला गेले तर ढिगामागून खडाखडा आवाज. बाहेर कंपनीची घरघर इतकी, की दारात उभं राहून बी तो ऐकू येत नव्हता. म्हणूनच ती दुपारचं काम करायची, तिची कंपनीतली पाळी सुटली की. बघते तर काय, एक लोखंडी नळकांडं, त्याला हँडल, आन गोजर ते फिरवतीया. हिकडून कोरा कागद आत जातोय, तिकडून अक्षरं घेऊन बाहेर येतोय. सायक्लोस्टाइल म्हणत्यात त्याला, ते नंतर कळलं. आगं बया! मी तिथंच लोकरीवर बसले. मला एक घोंगडी इणायला आठ-आठ दिवस लागत्यात, आन हितं एका गिरकीत भरलेला कागद! वाचता येत नाय, तरी एक उचलला आन नाकाला लावला. तेलकट, उग्र वास. अजून आठवतो.

"हे काय गं?"

"दवंडी," गोजर म्हणली. कागदाचं नावच ते व्हतं. "माझ्या आज्यानं जलमभर गावाची दवंडी पिटली, आक्का. पाटलाचा बैल हरवला, पिट दवंडी. सारा भरायचाय, पिट दवंडी. आमचं काय हरवलं ते कुणी पिटलं नाय. आता आपली आपण पिटायची."

मला कळलं नाय असं नाय. फौजदार तीन आठवडं झालं ह्याच कागदापायी गल्लोगल्ली हुंगत फिरत व्हता. दोन पोरं आत टाकली व्हती. मी कमरेवर हात ठेवला. म्हणलं, "हे बघ, तुझ्या भानगडीत मला ओढू नको. मी काय बघितलं नाय. फकस्त ती उरलेली शाई देत जा, मेंढरांना खूण करायला." आमच्यात पत्येकाची खूण येगळी असती, कळपात कळप मिसळला तर आपलं मेंढरू वळखायला. आमची खूण डाव्या मांडीवर गोल ठिपका. गेरूचा ठिपका पाण्यात जायचा. ही काळी शाई जाता जात नव्हती. महिनाभरात माझी चाळीसच्या चाळीस मेंढरं दवंडीच्या शाईची झाली. मला काय, फुकट मिळत व्हती.

आता मुद्द्याचं. इद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आन गावोगाव बौद्धांच्या वस्त्या पेटल्या, हे तू शिकलीच असशील. गोजरच्या गावात एकोणीस घरं जळाली. माणसं अंगावरच्या कापडानिशी पळाली. कोण उसाच्या फडात, कोण पावण्यांकडं. तिची माय पारूबाई बी पळाली. जिती हाय का मेली, गोजरला ठाऊक नव्हतं. आन शहरातल्या एका पेपरात काय आलं? स्टोव्हचा भडका उडून आग लागली म्हणं! एकोणीस घरांत मिळून एक स्टोव्ह नव्हता. चुली व्हत्या नुसत्या.

चौकशीचा साहेब येणार व्हता. गुरुवारी अकरा वाजता, क्रांती चौकाजवळच्या एका कचेरीत. जळालेल्या घरांची माणसं येऊन जबाबावर अंगठं देतील तर केस. नाय आली तर "स्टोव्ह" लिहून फाईल बंद, कायमची. आन ही खबर त्या माणसांना कुणी द्यायची? कुणीच नाय. ती तर पांगलेली. म्हणून गोजरनं त्या खेपेच्या दवंडीत एकोणीस नावं छापली, घरटी एक, आन खाली मोठ्या अक्षरात, गुरुवारी अकराला या. शेवटचं नाव पारूबाई. मला तिनं बोटानं दावलं. "ही माझी माय." काळ्या शाईतली चार-पाच अक्षरं. मी त्याच्यावर हात फिरवला तर मला रागं भरली, वली हाय म्हणून.

सोमवारी कागद भिंतीभिंतीला लागले. चितेगावात, पैठण रोडला, शहरात बी. मंगळवारी सकाळी माझी शेळी दारात येऊन उभी राह्यली. तोंडात दवंडी.

गोजरचे कागद रातचं चिकटवणाऱ्या पोरांनी गव्हाच्या पिठाची खळ केली व्हती. पोरंच ती, त्यांना काय माहीत! रातच्या भुरभुरीनं ती सुटली, आन गावातली सगळी जनावरं भिंती चाटत सुटली. गोजर धावत आली आन शेळीच्या तोंडातनं कागद वढाया लागली. निम्मा निघाला. वरची नावं राह्यली व्हती. खालचं नाव शेळीनं गिळलं व्हतं. गोजर तो फाटका कागद घेऊन खाली बसली आन म्हणली, "आक्का, माझी माय." बास, येवढंच. रडली बी नाय.

माझ्या शेळीनं तिच्या मायचं नाव खाल्लं. आन मला वाईट वाटलं की मी आधी वरडते.

"अगं येडे, गव्हाच्या पिठानं कुणी चिकटवतं का? सातवी शिकलीस आन येवढी अक्कल नाय? धनगरणीच्या शेजारी राहतीस, मला इचारायला तोंड गेलं व्हतं का तुझं?"

"तुमीच म्हणला, मला ओढू नको."

"मी काय बी म्हणीन! ऊठ, चिंचोके फोडू लाग."

घोंगडीच्या उभ्या धाग्याला आमी खळ देतो, चिंचोक्याची. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, भिजवून वाटायचे, शिजवायचे. ती खळ एकदा वाळली की दगडाला बी सोडत नाय. आन वरून मी त्यात मोरचूद टाकलं. मेंढरांची खुरं सडली की मोरचुदाच्या पाण्यात बुडवतो, म्हणून घरात असतंच. मोरचूद घातलं की जनावर तोंड लावत नाय. शिजता शिजता खळ निळसर झाली. गोजर डेगीत बघतच राह्यली. "आक्का, निळी झाली!"

"मोरचूद निळंच असतंय," मी म्हणलं. "हलव, नायतर खाली लागंल."

तिनं राह्यलेल्या कोऱ्या कागदांवर पुन्यांदा छापलं. पण गुरुवारला एक दिवस राह्यला व्हता. भिंतीवर लावून त्या पांगलेल्या माणसांना कसं कळायचं? गोजर चिंचोके वाटता वाटता थांबली. "आक्का, भिंत काय चालत नाय. एसटी चालती."

बुधवारी दुपारी आमी दोघी शहरातल्या एसटी स्टँडावर गेलो. माझ्या डोक्यावर लोकरीचं गठुडं, गोजरच्या खांद्यावर माझी घोंगडी. घोंगडीच्या घडीत खळ लावलेले कागद, गाडीगणिक एक. आता ऐक काय केलं तिनं. मुक्कामी गाड्या उभ्या व्हत्या, ज्या खेड्यात रात काढून सकाळी माघारी येत्यात त्या. कन्नड, सिल्लोड, वैजापूर. गोजर गेली आन थकल्या बाईसारखी गाडीच्या पाठीला टेकून उभी राह्यली. पदरानं घाम पुसला. पाठीनं कागद दाबला. जरा वेळानं कण्हत उठली आन पुढच्या गाडीकडं चालाया लागली. मागं बघते तर गाडीवर दवंडी! एकोणीस नावांची! पाच हातांवर पोलीस शेंगा खात व्हता. त्याच्या देखत तिनं अकरा गाड्या केल्या. मी डोक्यावरचं गठुडं दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आन ही बया मधीच मला डोळा मारती! मी जलमात येवढी छातीची बाई बघितली नाय, आन पुढं बी बघितली नाय.

पयल्या गाडीच्या ड्रायव्हरनं बघितलं, तवर खळ वाळली व्हती. कागद खरडाया लागला. खिशातला चाकू काढला. "क्या लगाये रे ये, चाकू से बी नै निकल रा!" मी मनातल्या मनात म्हणलं, खरड बाबा, बानाबाईची खळ हाय ती. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली, "छोडो ना मियाँ, टैम हो गया." गाडी गेली, कन्नडला.

गुरुवारी सकाळी निघताना गोजरनं पिशवीत शाईचा डबा घातला.

"मरायचंय का तुला? फौजदार तिथं बसलेला असंल!"

"आपल्या अंगठ्याच्या येळंला कचेरीतली शाई वाळलेली असती, आक्का. माझ्या बापाला तीन खेपा माघारी धाडलंय."

मी घरी बसायचं ठरवलं व्हतं. पण घोंगडी तिच्याकडंच व्हती, ती आणायच्या निमित्तानं मी बी गेले. निमित्तच ते.

अकरा वाजले. कचेरीत साहेब, एक कारकून, दारात फौजदार. आमी दोघी भिंतीला. बाकी कुणी नाय. सव्वाअकरा. कारकून जांभया देतोय. साडेअकरा. साहेबानं घड्याळ बघितलं आन फाईल हातात घेतली. गोजरनं माझं मनगट धरलं व्हतं. माझ्या बांगड्या रुतल्या, पण मी काय हात सोडवला नाय.

मग दारात एक म्हातारा आला. चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेला. "हितंच का?" म्हणला. त्याच्या मागून दोन बाया. मग तिघं. मग लेकरं कडेवर घेतलेली एक बाई. मी बाहेर जाऊन बघितलं. क्रांती चौकाकडनं माणसं येत व्हती, दोन-दोन, तीन-तीन, अंगावर दुसऱ्याची कापडं, पायात काय नाय. कुणी त्यांना आणायला गेलं नव्हतं. पुढारी नाय, जीप नाय. गोजरचा एक कागद एसटीच्या पाठीला बसून गावोगाव गेला व्हता आन माणसं बोलावून आणली व्हती. माझ्या अंगावर काटा आला. बघ, आत्ता बी आलाय. हात लावून बघ.

कारकून फाईलीतली नावं पुकारू लागला. पत्येक नावाला कुणीतरी म्हणायचं, "हाय." अठरा नावं, अठरा "हाय". मग म्हणला, "पारूबाई."

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं.

"पारूबाई हाय का?" गोजर नुसती दाराकडं बघत व्हती. कारकुनानं नावावर काट मारायला टाक उचलला.

"थांब की रं बाबा, जिना चढू दे!" बाहेरून आवाज आला. म्हातारी आत आली ती धापा टाकीतच. एका अंगाचं लुगडं जळकं. लेकीकडं बघितलं, पण आधी साहेबाकडं वळली. "मी पारूबाई. कन्नडच्या स्टँडावर कंडक्टरनं वाचलं माझं नाव. म्हणला, म्हातारे, ही तूच का? माझं नाव, एसटीवर! सुटणाऱ्या गाडीत त्यानंच बसवलं." मग ती गोजरच्या गळ्यात पडली. मी तोंडात पदर कोंबला.

जबाब झाले. अंगठ्याची येळ आली. आन कारकुनानं काय केलं? पॅडवर बोट फिरवलं, "पॅड वाळलंय. सोमवारी या." साहेब खिडकीबाहेर बघाया लागला. सोमवारी! ही माणसं सोमवारपर्यंत कुठं ऱ्हायची, काय खायची? पुन्यांदा येतील तरी का?

गोजर उठली. पिशवीतनं डबा काढला, झाकण उघडलं आन साहेबाच्या टेबलावर ठेवला. त्यो वास खोलीभर पसरला. फौजदार दारातनं ताडकन सरळ झाला. इतके दिस ज्या वासामागं फिरत व्हता त्यो त्याच्या नाकाखाली! गोजरला ठाऊक व्हतं. डबा काढला तवाच ठाऊक व्हतं. तिनं मायचा अंगठा धरला, डब्यात बुडवला आन कागदावर दाबला. "पुढं या," म्हणली बाकीच्यांना. साहेबानं डब्याकडं बघितलं, माणसांकडं बघितलं, आन कारकुनाला म्हणला, "शाई ती शाई. घे अंगठे." एक-एक करून एकोणीस अंगठे पडले. एक बी पुसट नाय.

फौजदारानं बोट बुडवून नाकाला लावलं. "ए बाई, हा डबा कुणाचा?"

गोजरनं तोंड उघडलं. मला दिसलं, ती खरं बोलणार व्हती. तिचं काम झालं व्हतं, तिला आता आत जायची भीती नव्हती.

"माझा हाय!" मी वरडले. सगळे वळले. "मेंढरांना खूण करायचा डबा हाय माझा! चोरला का काय हिनं? दे हिकडं! सकाळपासनं धुंडतीया मी, मुडदा बशिवला तुझा!"

"मेंढरांना?" फौजदार हसला. "चल तर. दाव मेंढरं."

आन तवा माझ्या ध्यानात आलं. जिथं मेंढरं, तिथंच मशीन! पण तोंडातनं शब्द गेला व्हता. जीपमधी बसवलं मला. पैठण रोडभर मी खंडोबाचं नाव घेत व्हते.

मेंढवाड्यात मेंढरं बसलेली. फौजदारानं एक उठवलं. डाव्या मांडीवर काळा ठिपका. दुसरं उठवलं, ठिपका. तिसरं. बोटानं घासला, हुंगलं. तोच वास. दहा-बारा मेंढरं बघितली आन त्याचं तोंड उतरलं. मग त्यानं लोकरीच्या खोलीकडं बघितलं. पण जीभ माझी, ती कधी गप बसलीया?

"या की सायेब, आत बी बघा. लोकर कालच कातरलीया. गोचिडं हायेत जराशी, पायावर चढत्यात, पण तुमचे बूट हायेत म्हणा. मागच्या साली एक तलाठी आला व्हता, पंधरा दिस खाजवीत व्हता बिचारा."

फौजदार दारापर्यंत गेला. आत डोकावला. ढिगामागं ते यंत्र व्हतं, सहा हातांवर. त्यानं पँट झटकली आन माघारी फिरला.

पण सोडलं नाय मला. जबाब लिहिला, "डबा माझ्या मालकीचा, मेंढरांच्या खुणेसाठी." म्हणला, कर अंगठा. आन त्याच डब्यात माझा अंगठा बुडवला. जलमात पयला अंगठा माझा, गोजरच्या शाईत.

सांजच्याला गोजर मायला घेऊन आली. मी दारातच उभी व्हते. ती नुसती माझ्या काळ्या अंगठ्याकडं बघत राह्यली, मग माझ्या पायाशी वाकली. मी तिला दंडाला धरून उठवलं. म्हणलं, "पाया कुणाच्या पडतीस? मी पडायला पायजे." खरं तेच बोलले. पारूबाई म्हणली, लई तहान लागलीया. मी आत गेले, माझ्या माठातलं तांब्याभर आणलं आन तिच्या हातात दिलं. गोजर बघत व्हती. तिचा माठ तिच्या खोलीच्या दारात तसाच व्हता. मी गेले, त्यातलं पाणी काढलं आन प्याले. लाज वाटत व्हती मला, आजबी वाटती.

केस वर्षानुवर्षं चालली. कोण सुटलं, कोण अडकलं, ते तुला कागदात सापडंल. पण फाईलीत "स्टोव्ह" नाय, "आग लावली" असं हाय. मी एका वकिलाकडून वाचून घेतलंय. नामांतराला पुढं सोळा वर्षं लागली, आन तितकी वर्षं दवंडी माझ्याच लोकरीत छापली. हँडल मी बी फिरवलं. वाचता येत नव्हतं, पण फिरवलं.

त्या सांजंला दोघी माझ्याच चुलीपाशी जेवल्या. माझा अंगठा काय धुतला जाईना. राख लावली, घासलेट लावलं, नाय. भाकरी थापली की कडंला काळा ठसा उमटायचा. पयली भाकर पारूबाईला वाढली. तिनं त्यो ठसा बघितला, बोटानं चाचपला आन हसत हसत डोळे पुसले. मुंजाबा आपल्या ताटातली भाकर उलटी-पालटी करत म्हणला, "ही बी दवंडीच का?"

मी म्हणलं, "खा गप."